कानाची साक्ष

सोन्याचा कस पाहावयाचा तर सराफाजवळ कसोटीचा दगड असतो, दुधांत पाणी किती हें पाहावयाचें तर लॅक्टोमीटर असतो, परंतु एखाद्या वाद्याचा किंवा यंत्राचा नाद चांगला कीं वाईट हें ठरविण्याची वेळ आली म्हणजे मनुष्य आपल्या कानाकडे बोट दाखवितो आणि "मला ऐकूं येतें, मग आणखी पुरावा कशास?" असें म्हणून मोकळा होतो. हा पुरावा कितपत भरंवशाचा आहे, आणि त्याच्या जोरावर दुसऱ्यास सल्ला देण्याचा अधिकार आपणांस पोंचतो कीं काय, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु गेल्या वर्षीं तो आमच्या घरांत अशा रीतीनें उभा राहिला कीं, त्याचें उत्तर शोधल्यावांचून आम्हांस गत्यंतर उरलें नाहीं. निमित्त झालें तें कानांत बसवावयाच्या उंची इअरफोनांचें व खिशांत ठेवावयाच्या प्लेअरचें.

ज्या वाचकांचा या वस्तूंशीं परिचय नसेल त्यांच्यासाठीं थोडा पूर्वेतिहास सांगणें अवश्य आहे. हिंडतां-फिरतां एकट्यानें गाणें ऐकण्याची चाल जगांत रूढ झाली ती १९७९ सालीं जपानांत सोनी कंपनीचा वॉकमन निघाल्यापासून. पुढें २००१ सालीं अ‍ॅपल कंपनीचा आयपॉड आला आणि हजार गाणीं एका खिशांत मावूं लागलीं. इकडे इअरफोनांतही स्थित्यंतर होत होतें. कमी ऐकूं येणाऱ्या माणसांच्या श्रवणयंत्रांत 'बॅलन्स्ड आर्मेचर' नांवाचा एक चिमुकला भाग असतो. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्यें तोलून धरलेली एक बारीक पट्टी त्यांत विजेच्या संदेशाप्रमाणें हालते, आणि तिचें हालणें एका पातळ पडद्यास पोंचून ध्वनि उमटतो. याच जातीचा भाग घेऊन अमेरिकेंतील एटिमोटिक रिसर्च या कंपनीनें १९९१ सालीं ईआर-४ नांवाचा इअरफोन काढला. १९९५ सालीं जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञानें अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन या पाश्चात्य तालवादकासाठीं, रंगमंचावरील गोंगाटांत त्यास आपलें वादन नीट ऐकूं यावें म्हणून, कानाच्या मापाचे इअरफोन बनविले. व त्यांतून अल्टिमेट इअर्स ही कंपनी निघाली. जें कमी ऐकणारांच्या उपयोगाचें होतें तें अशा रीतीनें प्रथम वादकांच्या व मागाहून रसिकांच्या कानांत जाऊन बसलें. आज एकेका इअरफोनांत असे दहा-दहा, बारा-बारा भाग बसवितात, आणि एका जोडाची किंमत लाख रुपयांच्या पलीकडे गेली तरी या छंदांतील लोकांस त्याचें नवल वाटत नाहीं. त्यांच्या जोडीस शोभणारे प्लेअरही त्याच भावाचे असतात.

आम्ही लहानपणापासून गाण्याचे वेडे. नोकरीच्या धांवपळींत ऐकणें राहून गेलें तें सेवानिवृत्तीनंतर भरून काढावें असें आम्हीं ठरविलें होतें, व त्या वेळीं हातीं आलेल्या पैशांतून असा एक जोड आणि त्याच तोलाचा एक प्लेअर आम्हीं विकत घेतला. कोणत्या कंपनीचा हें सांगण्याचें कारण नाहीं, कारण पुढें जें घडलें त्यांत दोष कंपनीचा नव्हता. पहिल्याच रात्रीं किशोरी आमोणकर यांचा भूप ऐकतांना तंबोऱ्याच्या जव्हारीचा एकेक धागा सुटा होऊन कानांत उतरतो आहे, गायिकेनें श्वास कोठें घेतला हेंही कळतें आहे, असें आम्हांस वाटलें. हें सुख कोणास तरी सांगावें असें कोणास वाटणार नाहीं?

आमचा एक भाचा पुण्यासच नोकरीस आहे. त्याला गाण्याचें वेड आमच्याकडूनच लागलेलें. त्यानें एके दिवशीं विचारलें, "मामा, खरेंच प्लेअरनें एवढा फरक पडतो का? माझे इअरफोन बरे आहेत. पण मी ते फोनलाच लावतों." आम्हीं क्षणाचाही विचार न करतां उत्तर दिलें, "जमीनअस्मानाचा फरक पडतो. एकदां ऐकशील तर पुन्हां फोनकडे ढुंकूनही पाहणार नाहींस." त्यानें पंधरा दिवसांच्या आंत दोन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम वेंचून आमच्यासारखाच प्लेअर घेतला. आम्हांस धन्यता वाटली. आपल्या रुचीला कोणी मान दिला म्हणजे ती धन्यता वाटतेच.

आमची कन्या इंजिनिअर आहे. आमची ही स्तुतिस्तोत्रें ती कित्येक दिवस मुकाट्यानें ऐकत होती. एका रविवारीं ती म्हणाली, "बाबा, कोणता प्लेअर वाजतो आहे हें न पाहतां तुम्हांला ओळखतां येईल का?" आम्हीं आव्हान आनंदानें स्वीकारलें. इअरफोन आमचेच राहावयाचे. पडद्याआड एका बाजूस आमचा प्लेअर व दुसऱ्या बाजूस फोनला जोडावयाचा एक लहानसा डोंगल, ज्याची किंमत आमच्या प्लेअरच्या शंभराव्या हिश्शाहून अधिक नव्हती. तिनें गाण्याचा एकच तुकडा आधीं पहिल्यावर, मग दुसऱ्यावर, आणि तिसऱ्यानें त्या दोहोंपैकीं कोणत्या तरी एकावर वाजवावा. तो कोणता हें नाणें उडवून ठरवावें, आणि आम्हीं ओळखावें, असा बेत ठरला. दहा वेळां खेळ झाला. दहाही वेळां आमचें उत्तर बरोबर आलें. आमची मान किती ताठ झाली असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

परंतु कन्येचें समाधान झालें नाहीं. तिनें मल्टीमीटर आणला, दोहोंवर एकच सूर वाजवून इअरफोनांच्या टोकांशीं विजेचा दाब मोजला, आणि दाखवून दिलें कीं आमचा प्लेअर डोंगलापेक्षां एका डेसिबलाहून थोडा अधिक मोठ्यानें वाजत होता. एवढा फरक "मोठा आवाज" म्हणून कानास जाणवत नाहीं. तो "भरदार", "स्पष्ट", "जिवंत" अशा गुणांच्या रूपानें जाणवतो. आवाज किंचित् चढला म्हणजे खर्ज व अगदीं उंच सूर हे दोन्ही कानास अधिक उठून दिसतात. मनुष्याच्या कानाची ही रीत फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालींच आलेखांत मांडून दाखविली आहे. तिनें दोन्ही पातळ्या जुळविल्या आणि खेळ पुन्हां मांडला. या खेपेस सोळा वेळां ऐकलें. केवळ नाणें उडवून उत्तरें दिलीं तरी सोळांपैकीं आठ बरोबर यावयाचींच. बारा किंवा अधिक बरोबर आलीं तर मात्र तो योगायोग नव्हे असें मानण्यास जागा असते, कारण नुसत्या योगायोगानें तसें शंभरांत चार वेळांही घडत नाहीं. आमचीं नऊ बरोबर आलीं.

खरें सांगावयाचें तर त्या नवांतील प्रत्येक उत्तर देतांना आमच्या मनांत जेवढी खात्री होती तेवढीच खात्री चुकलेल्या सातांच्या वेळींही होती. हीच गोष्ट आमच्या मनास फार लागली. आम्ही खोटें बोललों नव्हतों. भाच्यास जें सांगितलें तें आम्हांस ऐकूं आलेंच होतें. मग खोटें कोठें होतें?

यावरून कान म्हणजे केवळ भ्रमाचें घर असें जर कोणी अनुमान काढील तर तेंही चुकीचें ठरेल. कारण त्याच दिवशीं आणखी एक प्रयोग झाला. घरांत एक जुना टेबलावरचा अँप्लिफायर होता. कन्येनें आमचे इअरफोन त्याला लाविले, पातळी पूर्वीप्रमाणेंच जुळविली, आणि डोंगलाशीं तुलना केली. या वेळीं सोळाही उत्तरें बरोबर आलीं. आमचींच नव्हे, तर ज्यांना या छंदाचा मनापासून कंटाळा आहे त्या आमच्या सौभाग्यवतींचींही. अँप्लिफायरवर तंबोऱ्याची झार बोथट झाली होती आणि आवाज घोंगडीआडून यावा तसा येत होता.

याचें कारण गूढ नाहीं. इअरफोनांत विजेच्या प्रवाहास जो अवरोध होतो त्यास इंपीडन्स म्हणतात व तो ओहम या मापानें मोजतात. अनेक भागांच्या इअरफोनांत तो सर्व सुरांना सारखा नसतो. आमच्या जोडांत तो कांहीं सुरांशीं ४० ओहम तर कांहीं उंच सुरांशीं अवघा ८ ओहम भरतो. प्लेअरच्या किंवा अँप्लिफायरच्या पोटांतही असा थोडा अवरोध असतोच. तो १ ओहम असेल तर या दोन प्रकारच्या सुरांत एक डेसिबलाहून कमी तफावत पडते. तोच १० ओहम असेल तर तफावत ५ डेसिबलांवर जाते, म्हणजे गाण्याचा तोलच बिघडतो. म्हणून जाणते लोक असें सुचवितात कीं, प्लेअरचा अवरोध इअरफोनाच्या अवरोधाच्या आठव्या हिश्शाहून अधिक नसावा. आमचा महाग प्लेअर आणि तो स्वस्त डोंगल हे दोघेही या कसोटीस उतरत होते. जुना अँप्लिफायर उतरत नव्हता. जेथें खरोखर फरक होता तेथें कानानें तो निःसंशय पकडला; जेथें नव्हता तेथें तो मनानें पुरविला.

तेव्हां पहिली गोष्ट ही कीं, "हा इअरफोन उत्तम" हें वाक्यच अपुरें आहे. कोणत्या प्लेअराशीं, कोणाच्या कानांत, हें सांगितल्यावांचून त्यास अर्थ येत नाहीं. कानाची नळी सुमारें अडीच सेंटिमीटर लांबीची. तिच्या आकारांत माणसामाणसांचा फरक. आणि इअरफोनाची रबरी टोपी तींत घट्ट बसली नाहीं तर लाखाच्या इअरफोनाचाही खर्ज वाऱ्यावर जातो. नाद वस्तूंत राहत नसून जुळणींत राहतो. दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. ती अशी कीं, ऐकणाऱ्याचें मनही या जुळणीचाच एक भाग असून त्याचा अवरोध कोणत्याही मीटरवर दिसत नाहीं.

आमच्या नैयायिकांनीं प्रत्यक्ष प्रमाणाची व्याख्या करतांना इंद्रिय व विषय यांचा संबंध एवढ्यावरच भागविलें नाहीं. तें ज्ञान अव्यभिचारी, म्हणजे वस्तूस सोडून न जाणारें, असावें अशी अट घातली. मृगजळ डोळ्यांनींच दिसतें, तरी तें प्रमाण नव्हे. आमच्या कानास जें ऐकूं आलें तें या अर्थीं प्रत्यक्ष नव्हतेंच. त्यांत प्लेअरचें वजन होतें, त्याच्या धातूचा गार स्पर्श होता, पावतीवरचा आंकडा होता, आणि आपली निवड चुकली नाहीं असें स्वतःस पटवून घेण्याची इच्छा होती.

ही दुर्बलता आमची एकट्याचीच नव्हे असें सांगितल्यानें आमचा दोष कमी होत नाहीं; परंतु ती मनुष्यमात्राची आहे हें जाणणें उपयोगाचें आहे. अमेरिकेंतील हार्मन कंपनींत फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह यांनीं १९९४ सालीं आपल्याच कंपनीच्या नोकरांस कांहीं स्पीकर प्रथम उघड्यावर व नंतर पडद्याआड ठेवून ऐकविले. उघड्यावर ऐकतांना मोठ्या, महाग व घरच्या स्पीकरांना अधिक गुण मिळाले; पडद्याआड तें अंतर पुष्कळ कमी झालें. इतकेंच नव्हे, तर स्पीकरची जागा बदलल्यामुळें नादांत जो खराखुरा फरक पडे तो पडद्याआड ऐकणारांस चांगला कळे, उघड पाहणारांस तितका कळत नसे. डोळे नसलेला फरक दाखवितात हें आम्हांस ठाऊक होतें. असलेला फरक ते झांकतात हें आम्हांस नवीन होतें. पुढें २०१७ सालीं येरून ब्रेबार्ट यांनीं २८३ हेडफोनांचीं मापें घेऊन पाहिलीं. त्यांची किंमत आणि निरनिराळ्या सुरांना ते देत असलेला प्रतिसाद यांमध्यें त्यांस कांहींच संबंध आढळला नाहीं.

तथापि विरुद्ध बाजूही सांगितली पाहिजे. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या सीडींत नादाचे दर सेकंदास ४४,१०० नमुने घेतलेले असतात. त्याहून सूक्ष्म ध्वनिमुद्रण कानास वेगळें कळतें काय, हें मेयर व मोरान यांनीं २००७ सालीं तपासलें, तेव्हां ५५४ पैकीं २७६ उत्तरें बरोबर आलीं, म्हणजे निव्वळ नाणें उडविल्यासारखी गत झाली. परंतु २०१६ सालीं जोशुआ राइस यांनीं अशा १८ प्रयोगांचे आंकडे एकत्र केले, तेव्हां योगायोगाहून किंचित् अधिक यश दिसलें, आणि ज्यांना आधीं सराव दिला होता त्यांना तें जास्त आलें. तात्पर्य, फरक अगदीं नाहींच असें छातीठोकपणें म्हणणाराही तितकाच उतावळा होय.

येथें आम्हांस डेव्हिड ह्यूम या तत्त्ववेत्त्याची आठवण होते. १७५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभिरुचीविषयक निबंधांत त्यानें 'डॉन किहोटे' या कादंबरींतील एक गोष्ट घेतली आहे. सांको पांझाच्या दोघां आप्तांस मद्याच्या एका पिंपाची परीक्षा करावयास बोलाविलें. एक म्हणाला, मद्य चांगलें, पण त्यास चामड्याची किंचित् चव लागते. दुसरा म्हणाला, चांगलें खरें, पण लोखंडाची चव लागते. सगळे हंसले. पुढें पिंप रिकामें झालें तेव्हां तळाशीं चामड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सांपडली. या गोष्टींतील मर्म आमच्या मतें हें कीं, सूक्ष्म रुचि खरी असते. परंतु तिचा खरेपणा पिंपाच्या तळाशीं ठरतो, चव घेणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरत नाहीं. आमच्या कन्येनें पिंप उपडें केलें, आणि किल्ली नव्हती.

कोणी असें म्हणतील कीं, महाग वस्तूनें तुम्हांस आनंद झाला ना? मग तो किंमतीमुळें झाला कीं नादामुळें, या चौकशीचें प्रयोजन काय? चांदीच्या पेल्यांतलें पाणी गोड लागतें. तें पाणी मूळचें गोड नाहीं हें सिद्ध करून कोणाचें हित होणार आहे? हा आक्षेप आम्ही टाकून देत नाहीं. आनंद हा आनंदच. त्यास खोटा म्हणण्याचा अधिकार कोणास नाहीं. परंतु "मला आनंद झाला" हें एक वाक्य आहे, आणि "या वस्तूंत असा गुण आहे" हें दुसरें. पहिलें वाक्य आपल्याविषयीं असतें व त्यास साक्षीदार आपणच. दुसरें वस्तूविषयीं असतें, व त्यावर विसंबून दुसरा मनुष्य आपली थैली मोकळी करतो. ज्या क्षणीं आम्ही पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर उडी मारली त्या क्षणीं रसिकाचे साक्षीदार झालों, आणि साक्षीदाराचीं बंधनें मात्र विसरलों.

दुसरे कोणी म्हणतील कीं, मीटर लावून रसाची परीक्षा होत नसते. मिरजेचे तंबोरे प्रसिद्धच आहेत. २०२४ सालीं त्यांस भौगोलिक मानांकनही मिळालें. तेथील कारागीर घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवून जव्हारी लावतो ती केवळ कानानें. त्याच्या हातीं कोण मल्टीमीटर देतो? हें म्हणणें खरें आहे, आणि आमच्या बाजूचें आहे. कारण त्या कारागिराच्या कानास दररोज शिक्षा व बक्षीस मिळत असतें. धागा तिळभर इकडचा तिकडे झाला कीं तार बोलते किंवा मुकी होते. गवई तंबोरा मांडीवर घेतो आणि नाक मुरडतो किंवा मान डोलावतो. चुकल्याचें ज्यास ताबडतोब कळतें असा कान तयार होतो. आमच्या कानास आमच्या स्तुतीची चूक दाखविणारें कोणीच नव्हतें. दुकानदार नव्हता, कारण त्याचा माल खपत होता. स्नेही नव्हते, कारण त्यांनींही तेंच घेतलें होतें.

'आप्त' कोणास म्हणावें याचा विचार करतांना शास्त्रकारांनीं दोन अटी सांगितल्या आहेत: त्यानें वस्तु स्वतः साक्षात् जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्यास इच्छा असावी. दुसरी अट आम्हीं पाळली होती, असें आमचें प्रामाणिक मत आहे. परंतु पहिलीकडे पाहिलेंच नाहीं. केवळ प्रामाणिक असल्यानें मनुष्य आप्त होत नाहीं. आजकाल अशा वस्तूंचीं परीक्षणें लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांतील कित्येकांस वस्तु कंपनीकडून ऐकावयास मिळते, आणि तसें ते स्पष्ट लिहितातही. त्यांस लबाड म्हणण्याचें कारण नाहीं. परंतु आपला कान आपण कधीं पडद्याआड बसवून पाहिला आहे काय, एवढा एक प्रश्न त्यांनीं स्वतःस विचारावा, आणि त्याचें उत्तर परीक्षणाच्या पहिल्या ओळींत द्यावें, असें आम्हांस वाटतें.

ज्यांस या वस्तु घ्यावयाच्या असतील त्यांच्यासाठीं आमच्या अनुभवाचें सार थोडक्यांत असें. आधीं निरनिराळ्या मापांच्या टोप्या लावून इअरफोन कानांत नीट बसतो कीं नाहीं तें पाहावें. टोप्यांस फार थोडे पैसे पडतात आणि फरक प्लेअरच्या फरकाहून मोठा पडतो. एका वेळीं एकच वस्तु बदलावी. पातळी जुळविल्यावांचून तुलना करूं नये. ज्यांतील प्रत्येक जागा पाठ आहे असें गाणें ऐकावें. प्लेअरचा अवरोध किती तें विचारावें, आणि गाणें थांबवून मागें सूं-सूं असा आवाज राहतो का तें ऐकावें. पैसे उरले तर ते प्लेअरपेक्षां इअरफोनावर घालावे. आणि आवाज बेताचा ठेवावा: जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ८० डेसिबल पातळीवर आठवड्यास ४० तास ऐकणें निर्धास्त आहे, तीच पातळी ९० झाली तर अवघे ४ तास. कानांत घट्ट बसणारा इअरफोन बाहेरचा गोंगाट अडवितो, म्हणून आवाज चढविण्याची गरज कमी पडते, हा त्याचा गुण मात्र निर्विवाद आहे. जो कान आज परीक्षा करावयास बसला आहे तोच उद्यां परीक्षेस उरला पाहिजे.

आतां राहिली भाच्याची गोष्ट. प्रयोगानंतर आठ दिवस आम्ही त्याच्याकडे गेलों नाहीं. मग एके संध्याकाळीं जाऊन सर्व हकीकत सांगितली, आणि त्याच्या प्लेअरची किंमत आम्हीं द्यावी असें सुचविलें. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "नको मामा. ऐकलें मींच आणि घेतलें मींच. वाईट एवढेंच वाटतें कीं, ते पैसे मीं आईच्या श्रवणयंत्रासाठीं बाजूला ठेवले होते. ती म्हणाली, माझें काय, दिवाळीनंतर बघूं. आणि मीं ऐकलें."

त्याची आई म्हणजे आमची धाकटी बहीण. त्याआधीं चार महिने ती आम्हांस फोन करीनाशी झाली होती; आम्हीं केला तर दोन शब्द बोलून मुलाच्या हातीं देई. आमची अशी समजूत होती कीं, कांहीं जुन्या बोलण्यावरून ती रागावली आहे, आणि आम्हीही हट्टानें मागें राहिलों होतों. तिला आमचें बोलणें ऐकूं येत नव्हतें, एवढेंच काय तें कारण होतें.

तिचें यंत्र दिवाळीच्या आधींच आलें. त्यासाठीं पैसे कोणीं दिले याचा वाद आमच्या घरांत अद्याप मिटलेला नाहीं. तें कानांत घालून तिनें आम्हांस पहिला फोन केला तेव्हां भांड्यांचा आवाज फार होतो अशी तिची तक्रार होती. आमचा प्लेअर आम्हीं विकला नाहीं. रात्रीं तो घेऊन बसतों, आणि आनंद अजूनही होतो. परंतु आतां कोणी विचारलें तर आम्हीं काय ऐकलें, तें कसें पडताळून पाहिलें, आणि विचारणाऱ्यास त्यासाठीं कशाला मुकावें लागेल, या तीन गोष्टींवांचून चौथी सांगत नाहीं.